बेडीपासून शब्दापर्यंत

घरात कुणाला कावीळ झाली किंवा कुणाचे हाड मोडले, की आपल्या आळीतली माणसे भेटीला येतात. कुणी पेज आणते, कुणी फळे आणते. धर्मगुरू पवित्र कम्युनियन घेऊन येतात आणि रविवारच्या मिस्सात आजाऱ्यासाठी प्रार्थना होते. परंतु आजार मनाचा असला, तर त्याच घराचे दार आतून बंद होते. मुलगा नातेवाइकांकडे राहायला गेला आहे, असे सांगितले जाते. मुलीचे लग्न जमेपर्यंत आईच्या दुखण्याचा उच्चार होत नाही. शेजारीही संकोचाने विचारपूस टाळतात. शरीराच्या दुखण्याला जी सोबत मिळते, ती मनाच्या दुखण्याला का मिळू नये, हा प्रश्न आजचा नाही. ख्रिस्ती जगताने कित्येक शतके त्याचे उत्तर शोधले आहे. त्या शोधाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडू इच्छितो. हा इतिहास वाचताना एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. दयेने मनोरुग्णाला छप्पर दिले, दयेनेच त्याची बेडी काढली. परंतु त्याच्याशी बोलावे कसे, हे दयेलाही शिकावे लागले.

थडग्यांमधला माणूस

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातील एका माणसाची हकीकत आहे. तो थडग्यांमध्ये राही, रात्रंदिवस ओरडे, दगडांनी स्वतःला जखमा करून घेई. लोकांनी त्याला साखळदंडांनी बांधून पाहिले होते. त्याने ते तोडून टाकले होते. प्रभू येशूने अधिक मजबूत साखळी मागवली नाही. त्याने नाव विचारले. पुढे गावकरी येऊन पाहतात, तो हा मनुष्य वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला आहे. तो येशूबरोबर येण्याची विनवणी करतो. परंतु प्रभू त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवतो. आधी नाव, मग संवाद आणि शेवटी घर, असा हा क्रम आहे.

या प्रसंगावरून प्रत्येक मनोरुग्णाला बाधा झाली आहे असे मानणारे भाविक आजही आढळतात. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात बाधा आणि आजार, विशेषतः मनाचा आजार, या अगदी वेगळ्या गोष्टी असून आजारावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे स्पष्ट केले आहे. शुभवर्तमानातील त्या प्रसंगातून आपण घ्यायचे ते येशूचे वागणे. ज्याच्याकडे सारे गाव भीतीने पाहत होते, त्याच्यासमोर तो उभा राहिला आणि बोलला.

व्हॅलेन्सिया आणि ग्रॅनडा

१४०९ सालच्या फेब्रुवारीत, उपवासकाळात, स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात फादर हुआन जिलाबर्ट जोफ्रे प्रवचनासाठी कॅथीड्रलकडे निघाले होते. वाटेत काही पोरे एका वेड्या माणसाची टवाळी करून त्याला मारत होती. फादर जोफ्रे हे मर्सिडेरियन संघाचे होते. बंदिवान झालेल्या ख्रिस्ती लोकांना खंडणी भरून सोडवून आणणे हे त्या संघाचे व्रत. त्या दिवशी त्यांनी प्रवचनात, भान हरपलेल्या या माणसांसाठी शहरात आसरा नाही, हीच व्यथा मांडली. ते ऐकून काही नागरिक पुढे आले आणि १४१० साली तेथे मनोरुग्णांसाठी इस्पितळ उघडले. रोग हाही एक बंदिवास आहे, हे परक्यांच्या कैदेतून माणसे सोडवणाऱ्या धर्मगुरूला उमगले, यात आम्हांला नवल वाटत नाही.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी ग्रॅनडा शहरात एक पुस्तकविक्रेता होता. जन्माने पोर्तुगीज, पूर्वी मेंढपाळ आणि सैनिक. १५३९ च्या सुमारास आविलाचे योहान यांचे प्रवचन ऐकून तो पश्चात्तापाने असा विव्हळ झाला, की त्याने कपडे फाडले, होते नव्हते ते वाटून टाकले आणि रस्त्यांतून आक्रोश करीत फिरू लागला. लोकांनी त्याला राजाच्या इस्पितळात नेऊन घातले. तेथे बांधून फटके मारणे हाच वेडावरचा उपचार होता. वेदनेने माणूस भानावर येतो, अशी त्या काळची समजूत. हा माणूस म्हणजेच देवाचे संत योहान. सुटका झाल्यावर त्यांनी गरीब आजाऱ्यांसाठी स्वतःचे इस्पितळ उभारले आणि १५५० साली देह ठेवीपर्यंत ते भीक मागून चालवले. त्यांच्या अनुयायांचा संघ पुढे जगभर पसरला आणि मनोरुग्णांची सेवा हे त्याचे एक प्रमुख कार्य झाले. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना परिचारकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. आजाऱ्याच्या खाटेशी उभे राहणाऱ्यांचा हा आश्रयदाता स्वतः वेड्यांच्या कोठडीत फटके खाऊन आलेला आहे, ही गोष्ट आपण सहसा आठवत नाही.

एका गावाने घरे उघडली

बेल्जियममधील गील या गावाची कहाणी याहून निराळी आहे. संत डिंफ्ना ही आयरिश राजकन्या. पत्नीच्या मृत्यूनंतर बापाचे मन भ्रमले. त्याच्यापासून दूर पळालेल्या या मुलीला त्याने गील येथे गाठून ठार केले, अशी आख्यायिका आहे. तेराव्या शतकात तिचे चरित्र लिहिले गेले आणि मनोविकारांनी पीडित लोक तिच्या कबरीकडे येऊ लागले. चौदाव्या शतकात तेथे तिच्या नावाने चर्च बांधण्यास आरंभ झाला. चर्चला लागूनच आजाऱ्यांची खोली होती. तेथे नऊ दिवस राहून नोव्हेना करण्याची प्रथा होती. गर्दी वाढली, जागा पुरेना. तेव्हा गावकऱ्यांनी यात्रेकरूंना आपल्या घरांत ठेवून घेतले. जे नऊ दिवसांत बरे झाले नाहीत, ते पुढेही राहिले. कुणी वर्षभर, कुणी आयुष्यभर.

अशा रीतीने एक अख्खे गाव परिचारक झाले. या लोकांना ते रुग्ण म्हणत नसत. 'आमच्याकडे राहणारे' म्हणत. १९३८ च्या सुमारास गीलमध्ये असे सुमारे ३७०० लोक घरोघरी राहत होते. आता ही संख्या पुष्कळच घटली आहे, तथापि प्रथा मोडलेली नाही. गीलच्या शेतकऱ्याला घरखर्चाला पैसे मिळत आणि कामाला हात मिळत, हे खरे आहे. ते लपवण्याचे कारण नाही. परंतु परक्या माणसाला पंगतीत बसवणे, त्याच्या विचित्र बोलण्याला न घाबरणे, त्याची थट्टा न करणे आणि आपल्या मुलांनाही ते वळण लावणे, हे केवळ पैशाने होत नाही. गीलच्या बायाबापड्यांनी मानसशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते. तरी घराच्या नित्यक्रमात आणि साध्या बोलण्यात माणसाला सावरण्याची शक्ती असते, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या दाखवून दिले.

चित्रात नसलेला परिचारक

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात डॉ. फिलिप पिनेल यांनी पॅरिसमध्ये वेड्यांच्या बेड्या काढल्या, असे पाठ्यपुस्तके सांगतात. त्या प्रसंगाची भव्य चित्रेही आहेत. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. बिसेत्र येथील इस्पितळात वेड्यांच्या विभागावर झाँ-बातिस्त प्युसँ नावाचा देखरेख करणारा होता. मूळचा चामडे कमावण्याच्या धंद्यातला. गंडमाळेच्या रोगावर उपचार घ्यायला तो त्याच इस्पितळात आला आणि पुढे तेथेच नोकरीला लागला. रुग्णावर हात उगारायचा नाही, असा त्याचा दंडक होता. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच तो सेवक म्हणून घेई. कारण ज्याने ते दुःख भोगले आहे, त्याचा हात सहसा उठत नाही. १७९३ साली पिनेल तेथे आले आणि त्यांनी या अशिक्षित माणसाचे काम पाहून पाहून धडे घेतले. १७९७ साली बिसेत्रच्या साखळ्या निघाल्या त्या प्युसँच्या हातून. तेव्हा पिनेल दुसऱ्या इस्पितळात गेले होते. पिनेल यांचा मोठेपणा असा, की त्यांनी आपल्या ग्रंथात हे ऋण मान्य केले आणि प्युसँच्या पत्नीने रुग्णांना हाताळण्यात दाखवलेल्या कौशल्याचेही कौतुक केले. चित्रकारांनी मात्र डॉक्टरांनाच मध्यभागी उभे केले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये क्वेकर पंथीयांनी असेच पाऊल उचलले. हॅना मिल्स नावाची त्यांच्यातील एक स्त्री १७९० साली यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली. नातेवाइकांना तिची भेटही मिळाली नव्हती. त्या दुःखातून विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली 'रिट्रीट' नावाचे निवासस्थान उघडले. तेथे बाग होती, काम होते, एकत्र चहापान होते आणि रुग्णाशी शहाण्या माणसाशी बोलावे तसे बोलण्याचा नियम होता.

एवढे सारे होऊनही एकोणिसाव्या शतकात घड्याळाचे काटे मागे फिरले. सरकारी वेड्यांची इस्पितळे शेकडो, पुढे हजारो रुग्णांनी भरली आणि सेवकाचे काम कुलूप लावणे आणि माणसे मोजणे एवढेच उरले. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत हीच पद्धत आली. रत्नागिरी, ठाणे, येरवडा येथील मनोरुग्णालये त्या काळातली. 'ठाण्याला पाठवले' एवढ्या दोन शब्दांत माणसाच्या आयुष्याचा निकाल लागे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा अखंड भारतात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या आणि बहुतेक संस्था उपचारापेक्षा बंदोबस्तासाठीच उभारल्यासारख्या होत्या.

१९५२ हे वर्ष

मनोरुग्णांच्या परिचर्येचे शिक्षण अमेरिकेत १८८२ साली मॅक्लीन इस्पितळात सुरू झाले. या विषयावर परिचारिकेने लिहिलेले पहिले पाठ्यपुस्तक हॅरिएट बेली यांचे, १९२० सालचे. तथापि परिचारिकेने स्नान घालावे, भरवावे, आवरून धरावे आणि डॉक्टरांना कळवावे, हीच अपेक्षा पुढेही होती. तिच्या बोलण्याला उपचारात स्थान नव्हते.

ते स्थान मिळवून दिले हिल्डेगार्ड पेप्लॉ यांनी. १९०९ साली पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथे पोलंडहून आलेल्या स्थलांतरितांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत तापाने बरळणारी, भान सुटलेली माणसे त्यांनी लहानपणी पाहिली. पुढे त्या परिचारिका झाल्या. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या परिचर्या दलात इंग्लंडमध्ये असताना युद्धाने मने उद्ध्वस्त झालेले सैनिक त्यांच्या नजरेखालून गेले. या अनुभवावर त्यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्या परस्परसंबंधांविषयी एक ग्रंथ लिहिला. तो १९४८ साली तयार होता. परंतु सोबत कुणा डॉक्टरचे नाव नसता परिचारिकेने असा ग्रंथ छापणे त्या काळी धाडसाचे वाटले आणि तो बाहेर यायला १९५२ साल उजाडले.

योगायोग असा, की त्याच वर्षी पॅरिसच्या सेंट-ॲन इस्पितळात क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा मनोरुग्णांवरील परिणाम डॉ. डिले आणि डॉ. डेनिकर यांनी प्रसिद्ध केला. औषधाने वॉर्डातला कोलाहल निवू लागला. पण निवांत झालेल्या त्या माणसाशी बोलायचे कुणी आणि काय, याचे उत्तर औषधाच्या बाटलीत नव्हते. ते पेप्लॉ यांच्या पुस्तकात होते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. परिचारिका आणि रुग्ण प्रथम एकमेकांना परके असतात. ओळख होते, विश्वास बसतो, मग रुग्ण मिळणाऱ्या मदतीचा स्वतःसाठी उपयोग करू लागतो आणि शेवटी निरोपाची वेळ येते. हा निरोपही आधीपासून तयारी करून घ्यायचा असतो. नाहीतर रुग्णाला पुन्हा एकदा टाकून दिल्यासारखे वाटते. परिचारिकेची स्वतःची भीती, चीड, कंटाळा हे सारे तिच्या बोलण्यात उतरते. म्हणून तिने आधी स्वतःला ओळखावे. यासाठी पेप्लॉ आपल्या विद्यार्थिनींना रुग्णाशी झालेले संभाषण शब्दशः लिहून काढायला लावत आणि मग ओळीओळीवर चर्चा करीत. येथे तू विषय का बदललास? येथे उपदेश का केलास? तो रडू लागला तेव्हा तुला उठून जावेसे का वाटले? विद्यार्थिनीला रुग्णापेक्षा स्वतःबद्दलच अधिक शिकायला मिळे.

त्यांच्या मागोमाग जॉइस ट्रॅव्हलबी यांनी या विचाराला आणखी खोली दिली. न्यू ऑर्लिन्स येथे संत विन्सेंट डी पॉल यांच्या धर्मभगिनींच्या मनोरुग्णालयाशी संलग्न अशा शाळेत त्यांनी शिकवले होते. १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी म्हटले, की 'रुग्ण' आणि 'परिचारिका' हे मुखवटे गळून माणूस माणसाला भेटला, तरच परिचर्या घडते. आणि दुःखात अर्थ शोधायला, आशा टिकवायला साहाय्य करणे हा परिचर्येचा गाभा आहे. क्रूसाच्या छायेत वाढलेल्या आपल्याला ही भाषा परकी वाटू नये.

बोलावे कसे?

ही विद्या प्रत्यक्षात कशी दिसते, ते पाहू. खिन्नतेच्या आजाराने ग्रासलेली एखादी स्त्री म्हणते, "मी सगळ्यांना भार झाले आहे." आपण लगेच म्हणतो, "असे बोलू नये. देवाने तुला काय कमी केले आहे? रोझरी कर, सगळे ठीक होईल." आपला हेतू शुद्ध असतो, पण तिला ऐकू येते ते एवढेच, की माझे दुःख यांना ऐकवत नाही, आणि शिवाय माझी श्रद्धाही कमी पडते आहे. शिकलेली परिचारिका शेजारी बसते आणि म्हणते, "भार झाल्यासारखे वाटते? कधीपासून?" मग ती गप्प राहते. ही शांतता तिने शिकून घेतलेली असते. उत्तर यायला पाच मिनिटे लागली, तरी ती घड्याळाकडे पाहत नाही.

एखाद्याला कानात आवाज येतात. ते खोटे आहेत म्हणून त्याच्याशी वाद घालणे व्यर्थ आणि 'हो, मलाही येतात' म्हणणे ही फसवणूक. परिचारिका सांगते, "मला ते आवाज ऐकू येत नाहीत. पण तुम्हांला भीती वाटते आहे, हे मला दिसते आहे. मी इथेच आहे." सत्य आणि करुणा यांपैकी एकीलाही येथे सोडचिठ्ठी दिलेली नाही. आणि कुणाच्या बोलण्यात मरणाची भाषा आली, तर ती सरळ विचारते, "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुधा मोकळे वाटते, आणि मदत वेळेत पोहोचते.

काही वाचक विचारतील, की पापनिवेदनात आपण हेच करीत नाही काय? साम्य आहे, पण दोहोंची कार्ये भिन्न आहेत. धर्मगुरू देवाच्या नावाने क्षमा देतो. परिचारिका क्षमा देत नाही, कारण आजार हे पाप नव्हे. एकाचे काम दुसऱ्यावर लादले, की दोहोंची हानी होते.

घरची माणसे

या इतिहासात आपल्या देशानेही मोलाची भर घातली आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले. घरच्यांनी आजार समजून घेतला, उपचार पाहिले, बोलायचे कसे ते पाहिले आणि आपल्या माणसाला घेऊन ते घरी गेले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ साली सुरू केलेल्या मानसिक आरोग्य केंद्रातही रुग्णासोबत घरचे माणूस ठेवण्याची रीत पडली. पाश्चात्त्य इस्पितळांनी ज्या नातेवाइकांना फाटकाबाहेर ठेवले होते, त्यांनाच येथे परिचारक केले गेले. गीलच्या गावकऱ्यांचे आणि या तंबूंचे नाते उघड आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. प्युसँने बेड्या काढल्याला तेव्हा दोनशे वर्षे उलटून गेली होती. भक्ती होती, आसराही होता. उपचार नव्हता आणि संवाद नव्हता. अशी घटना कुठल्याही धर्माच्या दारात घडू शकते, म्हणून तिच्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण आपल्या घरातील बंद खोलीकडे पाहावे.

ख्रिस्तसभाही या वाटेवर चालत आली आहे. १९१७ च्या धर्मविधीसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतून ते कलम वगळण्यात आले. गंभीर मानसिक विकार, यातना वा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल आपण निराश होऊ नये, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. भारतातही २०१७ साली संमत होऊन २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. जेथे धर्माचा आणि राज्याचा कायदा मवाळ झाला, तेथे आपल्या आळीची जीभ अजून कठोर का असावी?

आपल्या समाजातील कितीतरी मुली परिचारिका आहेत. अपघात-विभागातल्या कामाचे आपण कौतुक करतो. मनोरुग्णांच्या वॉर्डात काम करणाऱ्या मुलीला मात्र 'तिथे भीती नाही का वाटत?' एवढेच विचारतो. दिवसभर इतरांचे दुःख ऐकून ती थकते, तिलाही कुणीतरी ऐकणारे लागते. धर्मग्रामाने अशा मुलींना बोलवावे. महिला मंडळात, युवकांच्या सभेत, विवाहपूर्व शिबिरात, घरात कुणी खचले तर बोलावे कसे, हे त्यांच्याकडून एक संध्याकाळ समजून घ्यावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लावावा. औषध डॉक्टर देतील, मिस्सा धर्मगुरू अर्पण करतील. शेजारच्या बंद दारावर टकटक करून, उपदेशाची घाई न करता, दोन घटका ऐकत बसणे हे काम मात्र त्या दाराशेजारी राहणाऱ्यांचे आहे आणि ते दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही.